पाहुणीला आधी तंबू हवा

जूनमध्ये किरगिझस्तानातल्या ओशपासून ताजिकिस्तानातल्या दुशान्बेपर्यंत, पामीर महामार्ग, सायकलवर, एकटी. तिथली माणसं वाटेत थांबवून घरी नेतात, जेवू घालतात, झोपायला गादी देतात असं तू ऐकलं आहेस आणि विचारतेस : यावर किती विसंबू? पैसे द्यायचे का? मांस खात नाही, ते कसं सांगू? आणि आई रोज रडते आहे, तिला काय सांगू?

मी या रस्त्यानं दोनदा गेले. 2017 साली दुशान्बेकडून ओशकडे, आणि 2019 साली उलट, ओशकडून, अफगाण सीमेलगतच्या वाखानच्या खोऱ्यातून वळसा घालून. दोन्ही वेळा एकटी. तेव्हा पन्नाशी जवळ आली होती आणि गुडघे कोल्हापुरातच कुरकुरायला लागले होते. त्याआधी आणि नंतरही बरीच फिरले, पण अनोळखी माणसाच्या घरात कसं वागायचं हे मला शिकवलं ते या बाराशे-साडेबाराशे किलोमीटरनी. तेव्हा उत्तर लांबेल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बाकीची त्यातूनच निघतात. विसंबू नकोस. लोक बोलावतात, खरंच बोलावतात, तू ऐकलंस त्यात फुगवलेलं काही नाही. पण तुझ्या सायकलवर तंबू, स्टोव्ह, दोन दिवसांचं खाणं आणि पाणी असलंच पाहिजे. हे सगळं असलं की दारात उभी राहते ती पाहुणी. नसलं की ती अडलेली बाई. अडलेल्या बाईला नको त्या घरातून उठून जाता येत नाही, आणि घरच्यांनाही तिला जा म्हणता येत नाही. मी पहिल्या वेळी वजन वाचवायला स्टोव्ह मागे ठेवून गेले होते. ते दीड किलो मला फार महागात पडलं.

इथं तुझ्या मनात विनोबा येतील, कारण अशा प्रवासाचं वेड असलेल्या बहुतेक मराठी पोरांच्या मनात ते येतात. 1962 साली सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण दिल्लीला गांधीजींच्या समाधीपासून अण्वस्त्रांविरुद्ध पायी निघाले आणि पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, रशिया करत मॉस्को, पॅरिस, लंडनला पोहोचले. पुढे समुद्र ओलांडून वॉशिंग्टन गाठलं. निघताना विनोबांनी त्यांना सांगितलं होतं की खिशात पैसा ठेवू नका. पैसा असला की थकल्यावर हॉटेल शोधाल, जेवाल, झोपाल आणि कुणाशी न बोलता पुढे जाल. पैसा नसला की माणसाच्या दारात जावंच लागेल. वाटेत सोव्हिएत मुलखात चहाच्या कारखान्यातल्या दोन बायकांनी त्यांना चहाच्या चार पुड्या दिल्या, चार राजधान्यांतल्या चार नेत्यांसाठी एकेक. निरोप असा की अणुबॉम्बचं बटण दाबावंसं वाटलं तर आधी जरा थांबून हा चहा करून प्या.

ही गोष्ट मला फार आवडते, पण तो सल्ला मी पाळत नाही. त्या दोघांच्या पाठीशी एक काम होतं. आपण हौसेनं निघालेले लोक. दीड-दोन लाखांची सायकल घेऊन, विमानाचं तिकीट काढून जायचं आणि ज्या घरात हिवाळ्यात बाहेरचं फारसं काही येत नाही त्या घरात रिकाम्या हातानं बसायचं, हे मला जमत नाही. विनोबांच्या बोलण्यातलं एवढंच मी उचललंय की पैसा असावा, पण बोलायच्या आधी तो पुढे करू नये.

आता तेरेस्केनबद्दल सांगते.

पूर्व पामीरच्या पठारावर मुरगाबपासून पुढे अलिचूरकडे जाताना तुला एकही झाड दिसणार नाही. ते पठार साधारण 3,600 ते 4,000 मीटरवर आहे. जमिनीलगत राखाडी-हिरवी खुरटी झुडपं दिसतील, ती तेरेस्केन. वीतभर वाढायला वर्षानुवर्षं लागतात, आणि तिथलं सरपण तेच. ती मुळासकट उपटून आणतात, वाळवतात आणि घराच्या भिंतीला रचून ठेवतात. दुसरं जळण म्हणजे याकचं शेण. आपल्याकडच्या शेणीच, फक्त थापलेल्या नाहीत, गोठ्यातून फावड्यानं कापून काढलेल्या.

2017 मध्ये समोरून इतका वारा होता की तासाला सहा किलोमीटर होत नव्हते. एका घरातून एका बाईनं हात केला. आत गेले. तिनं चूल पेटवली, चहा केला. मी गारठलेली होते, पीत राहिले. किटली रिकामी झाली की ती पुन्हा चढवायची. तीन किटल्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मुलगा, असेल आठ-नऊ वर्षांचा, गाढव घेऊन निघाला. कुठं निघालास म्हणून खुणेनं विचारलं तर त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं आणि मग लांब टेकड्यांकडे. घराजवळची झुडपं कधीच संपली होती. माझ्या तीन किटल्यांचा हिशेब तो पोरगा टेकड्यांपलीकडे चुकता करायला निघाला होता. आणि माझा स्टोव्ह कोल्हापुरात माळ्यावर.

तेव्हापासून माझा नियम असा : ज्या घराचं जळण मला बाहेर रचलेलं दिसतं तिथं मी पहिली किटली पिते आणि दुसरीला पियाल्यावर हात ठेवते. खाली उतरलीस, खोरोगच्या पुढे पंज नदीच्या काठाला, की जर्दाळू आणि तुतीची झाडं लागतात, छपरांवर जर्दाळू वाळत घातलेले असतात, तिथं एवढं काटेकोर व्हायची गरज नाही. ताजिक भाषेत जर्दाळूला झर्दोलु म्हणतात आणि तुतीला तूत. बाजार, दुकान, दोस्त, गरम, नरम, हजार हे सगळे शब्द थोड्या वेगळ्या उच्चारात तिथं चालतात, कारण ताजिक म्हणजे फारसीच आणि फारसी आपल्याकडे बहामनी काळापासून नांदून गेली आहे. लिहितात मात्र रशियन लिपीत. ती लिपी निघायच्या आधी शिकून घे, चार दिवसांचं काम आहे, पाट्या वाचता येतात.

तर हातात काय घेऊन जायचं? आपण सांगलीला मावशीकडे जाताना काय नेतो तेच. मुरगाबच्या बाजारात (बाजार म्हणजे लोखंडी कंटेनरांच्या दोन रांगा) चहापत्ती, साखर, तेल, मिळालीच तर फळं घे. सफरचंद त्या उंचीवर सोन्यासारखं असतं. वजन होतं, पण संध्याकाळी कुणाच्या घरी गेलीस तर उतरतं, नाही गेलीस तर तुझ्या पोटात जातं. वस्तू घरातल्या थोरल्या बाईच्या हातात द्यायची, आत शिरल्या शिरल्या, गाजावाजा न करता. निघताना ती तुझ्या पिशवीत पाव कोंबेल किंवा कुरुत देईल. कुरुत म्हणजे दह्याचे वाळवलेले खारट गोळे, दात सांभाळून. ते घे. तिनं दिलेलं नाकारून आपण दिलेलं घ्यायला लावणं हा उद्धटपणा आहे. आपल्याकडे ओटी भरताना कुणी नको म्हणतं का?

पैशांचं प्रकरण थोडं अवघड आहे, आणि बहुतेकजण इथंच चुकतात. या रस्त्यावर दोन प्रकारची घरं आहेत आणि ती दिसायला सारखीच असतात. एक होमस्टे. पामीरमध्ये गेली वीसेक वर्षं कितीतरी कुटुंबं पैसे घेऊन प्रवाशांना ठेवतात. मी गेले तेव्हा रात्रीचं जेवण, सकाळची न्याहारी धरून पंधरा-वीस डॉलर पडायचे. त्यांचा तो धंदा आहे, हिवाळ्याचं पीठ त्यातून येतं. तिथं घासाघीस करू नकोस आणि 'आम्ही पाहुणे' म्हणून फुकट राहायची अपेक्षा ठेवू नकोस. दुसरं, रस्त्यावरून हात करून बोलावलेलं घर. तिथं दर विचारलास तर चेहरे पडतात.

फरक ओळखायचा कसा? सायकलवरचं सामान सोडायच्या आधी, दारातच, हसून 'होमस्टे?' असं विचारायचं. हा शब्द तिथं रुळला आहे. धंदा असेल तर लगेच आकडा सांगतात, बोटांनी किंवा मोबाइलवर. नसेल तर मान हलवून 'मेहमोन' म्हणतात. मेहमान. झालं. रात्र काढून सकाळी विचारणारे लोक दोघांनाही पेचात टाकतात.

मेहमोन म्हणाले तर पैसे द्यायचेच नाहीत का? हाही धडा मी चुकून शिकले. रुशानजवळ एका आजोबांच्या घरी राहिले आणि निघताना उशीखाली शंभर सोमोनी (ताजिकिस्तानचं चलन) ठेवले. असं करावं असं मला कुणीतरी सांगितलं होतं. सहा-सात किलोमीटर गेल्यावर मागून मोटारसायकल. आजोबांचा नातू. त्यानं नोट माझ्यापुढे धरली, 'विसरलात' अशी खूण केली. मी नको नको करत राहिले, तो हसेना की रागावेना, नोट धरून उभा. शेवटी घेतली. तो गेल्यावर लक्षात आलं की माझ्या चांगुलपणापायी त्यांचं पेट्रोल खर्ची पडलं.

आता मी उशीखाली काही ठेवत नाही. मुलांना शाळेसाठी म्हणून, आजीच्या समोर, थोरल्या नातवाच्या हातात देते, 'बरोइ बचाहो' म्हणते, मुलांसाठी. आजीला आवडलं नाही तर ती तिथल्या तिथं परत करायला लावते, आणि मी घेते. एकदा देऊ करायचं, एकदा आग्रह करायचा, मग थांबायचं. रस्त्यावर पळत येणाऱ्या अनोळखी पोरांना मात्र पैसे, गोळ्या काही देऊ नकोस. पुढच्या सायकलवाल्याच्या मागे ती त्यासाठीच धावतात, आणि उतारावर ते धोक्याचं आहे.

पैशापेक्षा उपयोगी पडतो तो फोटो. 2017 मध्ये ज्या घरांत राहिले तिथले कुटुंबाचे फोटो घरी येऊन कागदावर छापले आणि 2019 मध्ये घेऊन गेले. बारा पाकिटं. नऊ घरं सापडली, उरलेली तीन पाकिटं खोरोगहून मुरगाबला जाणाऱ्या जीपच्या ड्रायव्हरकडे दिली. पोहोचली, त्यानं निरोप पाठवला. रुशानच्या आजोबांचं घर सापडलं, आजोबा नव्हते. नातवानं फोटो घेतला, आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. तू पुन्हा जाशील न जाशील; खोरोगमध्ये फोटो छापून घे आणि मागे जाणाऱ्या एखाद्या ड्रायव्हरबरोबर किंवा सायकलवाल्याबरोबर पाठव. एरवी 'पाठवते हं फोटो' असं तोंडभरून सांगायचं नाही. तिथं ते लक्षात ठेवतात.

जेवायला बसल्यावरच्या रीती बघून बघून येतीलच. पण काही आधी माहीत असलेल्या बऱ्या. जमिनीवर कापड अंथरतात, ते दस्तरखान. त्याच्यावरून ओलांडून जायचं नाही. नान उलटी ठेवायची नाही, आणि कापडावरून खाली तर कधीच नाही. घरातलं थोरलं माणूस नान मोडून सगळ्यांपुढे टाकतं, तोवर थांबायचं. चहा करणारी पहिला चहा पियाल्यात ओतून पुन्हा किटलीत टाकते, असं दोन-तीनदा, म्हणजे तो चांगला उतरतो. आणि तुझा पियाला अर्धाच भरला तर हिरमुसू नकोस. आपल्याकडे बशीत सांडेपर्यंत भरला की प्रेम. तिथं अर्धा भरला म्हणजे बस अजून, मी पुन्हा भरणार आहे. काठोकाठ भरलेला आला तर निघायची वेळ झाली. जेवण संपलं की सगळे दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवून ओमिन म्हणतात. त्यानंतर घास उचलायचा नाही. पहिल्या खेपेला मी तळवे फिरवून झाल्यावर जर्दाळूकडे हात नेला आणि सगळ्या पोरी खुदखुदल्या.

किरगिझ भागात एक रीत तुझ्या फार कामाची आहे. दारात आलेल्या माणसानं निदान नानचा तुकडा तोंडात घालून जायचं असतं. तुला घाई आहे, ढग भरून आले आहेत, घाट चढायचा आहे आणि यर्टमधून, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूतून, बाई बोलावते आहे. तर सायकल टेकवायची, उभ्यानंच एक तुकडा मोडून खायचा, छातीवर उजवा हात ठेवून 'रहमत' म्हणायचं आणि निघायचं. तिचा मान राहिला, तुझा घाटही. हे कळायच्या आधी मी प्रत्येक बोलावण्याला तास-दीड तास देत होते आणि अंधारात तंबू लावत होते.

मांसाचं. मी कोल्हापूरची असून मांस खात नाही, हे मला घरच्या पाहुण्यांनासुद्धा समजावून सांगावं लागतं. त्यामुळे सराव होता. तिथं लोक मेंढीवर जगतात, आणि मानाच्या पाहुण्यापुढे मेंढीचं डोकं ठेवायची पद्धत आहे. सांगायचं ते लवकर. चूल पेटायच्या आधी, शक्यतो दारातच. रशियनमध्ये 'या नि येम म्यासा', ताजिकमध्ये 'मन गुश्त नमेखुरम'. गुश्त म्हणजे आपलं गोश्त. कारण विचारतील. 'आवडत नाही' म्हणू नकोस, ते त्यांच्या हातच्या चवीला लागतं. 'आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या खात नाहीत' म्हटलं की सगळे समजुतीनं मान डोलावतात, कारण पिढ्यान् पिढ्यांचं काय असतं ते त्यांना कळतं. तरीही शोर्ब्यातले तुकडे वेचून रस्सा तुला वाढला जाईल, आणि त्यांच्या लेखी तो शाकाहारीच. रश्शाबद्दल तुझं तू ठरव, मी सांगणार नाही. बाकी उपाशी राहणार नाहीस. नान, साय, अंडी, दही, बटाटे, आणि पामीरचा शिरचोय : दुधाचा खारट चहा, त्यात लोणी आणि नानचे तुकडे कुस्करून. पहिल्या दिवशी घशाखाली उतरत नाही, चौथ्या दिवशी त्याच्याशिवाय घाट चढवत नाही. दुशान्बेकडे आलीस की कुरुतोब मिळेल, पदर सुटलेल्या भाकरीवर कुरुतचं पातळ ताक आणि वर कांदा-टोमॅटो. मांसाशिवायचा बेत म्हणून तो मुद्दाम माग.

हिंदुस्तान म्हटलं की राज कपूर आणि मिथुन चक्रवर्ती निघतात, अजूनही, आणि मग तुला नाचायला सांगतात. ही सुटका नसलेली गोष्ट आहे. मला नाचता येत नाही, म्हणून कराकुलला मी तीन मुलींना फुगडी शिकवली. साधारण 3,900 मीटरवर. सात-आठ फेऱ्यांत मी भिंतीला टेकून धापा टाकत होते आणि त्या चौथीला ओढून आणत होत्या. उंचीचं तेवढं गांभीर्यानं घे. ओशकडून येताना सारी-ताशनंतर किझिल-आर्त खिंड 4,280 मीटर आणि पुढे दोन-तीन दिवसांत अक-बैताल 4,655. सारी-ताशला एक दिवस जास्त थांब. डोकं दुखून उलट्या झाल्या तर वर जायचं नाही, खाली यायचं, मग कुणी कितीही प्रेमानं गादी घातलेली असो.

आता आईच्या मनात जे आहे आणि तू मोकळं विचारलं नाहीस ते.

बाई म्हणून तुझ्यासाठी पुरुष प्रवाशाला बंद असलेली अर्धी घरं उघडतात. चुलीपाशी बसता येतं, बायका मनातलं बोलतात, भाषा येवो न येवो. म्हणून मदत मागायची ती बाईकडे. ताजिकमध्ये खोला म्हणजे मावशी, आपापल्या भागातलं असं एखादं नातं लावून हाक मार. किरगिझ मुलखात एजे, म्हणजे मोठी बहीण. आमंत्रण पुरुषानं दिलं तर मी एकच बघते : घरात बाई आहे का, आणि ती दारात येते का. सामान सोडायच्या आधी मी तिच्याशी बोलते. ती हसून पुढे आली तर आत जाते. ती आतूनच बघत राहिली तर 'रहमत, पुढे मैत्रीण थांबली आहे' म्हणून निघते. मैत्रीण नसते, पण हे खोटं मी निर्लज्जपणे बोलते.

एकदा हा नियम मोडला. ओशच्या वरच्या बाजूला एका गावात, पाऊस होता, नवरा अगत्यानं आत घेऊन गेला, बायको माहेरी गेलेली, 'उद्या येईल'. जेवण झालं, बाटली निघाली, शेजारचा एक जण आला. कुणी काही केलं नाही, एक शब्दही वावगा नाही. पण दुसरा ग्लास भरला तशी मी उठले, सामान बांधलं आणि पावसात बाहेर पडले. तो मागून हाका मारत होता, बहुधा खरंच वाईट वाटलं असेल त्याला. मी दोन किलोमीटरवर शाळेमागे तंबू लावला. एखाद्या भल्या माणसाचा अपमान झाला असेल तर होऊ दे. ते ओझं मी उचलू शकते. तंबू नसता तर त्या रात्री मी स्वतःची समजूत घालत तिथंच बसले असते.

आणि 2018. आईनं ते वाचलं असणारच, लपवू नकोस. 29 जुलै 2018 ला दुशान्बेच्या आग्नेयेला दांगारा जिल्ह्यात सात विदेशी सायकलस्वारांच्या गटावर मोटार घालून हल्ला झाला. दोन अमेरिकन, एक स्विस आणि एक डच, असे चार जण मारले गेले. इस्लामिक स्टेटनं जबाबदारी घेतली. मी पुढच्याच वर्षी गेले. त्या बाजूच्या रस्त्यावर एक म्हातारे गृहस्थ माझी सायकल धरून बराच वेळ बोलत राहिले, मला माफीचा तेवढा एकच शब्द कळला. त्यांनी काय केलं होतं माफी मागायला? घरी बोलावणारी हजार दारं असली तरी त्या मोटारीचं उत्तर त्यात नाही, आणि ते आहे असं मी तुझ्या आईला सांगणार नाही. मी एवढंच करते की मोठ्या रस्त्यावर दुपारी घोळक्यानं जात नाही, आरसा लावते आणि अंधार पडायच्या आत रस्त्यावरून बाजूला होते. ट्रकखाली येण्याचा धोका कुठल्याही हल्ल्याहून मोठा आहे, हे आपल्या पुणे-बंगळूर रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याला सांगायला नको.

कागदपत्रांतल्या काही गोष्टी तुझ्या किंवा यजमानांच्या डोक्याला ताप देऊ शकतात. ताश्कंदकडून येणार असशील तर उझबेकिस्तानात परदेशी माणसाच्या मुक्कामाची नोंद करावी लागते. हॉटेल ती करतं, पण कुणाच्या घरी राहिलीस तर ती जबाबदारी यजमानावर येते आणि चुकली तर दंडही. त्यांना ते माहीत नसतं किंवा ते लाजेनं बोलत नाहीत. तिथं मी रात्री हॉटेलात आणि दिवसा घरी, असं करते. ताजिकिस्तानात पामीर भागासाठी, म्हणजे गोर्नो-बदख्शानसाठी, व्हिसाबरोबर वेगळा परवाना लागतो. आणि किरगिझ-ताजिक सीमा 2021 च्या चकमकींनंतर कित्येक वर्षं बंद होती, मार्च 2025 मध्ये दोन्ही देशांचा सीमाकरार झाला. किझिल-आर्तचं नाकं तू जाशील त्या आठवड्यात तुझ्यासाठी उघडं आहे का, ते नुकत्याच तिथून आलेल्या माणसाकडून कळून घे, जुन्या लेखांवर जाऊ नकोस.

2022 च्या मे महिन्यात खोरोग आणि रुशानकडे मोठी हिंसा झाली, माणसं गेली, कित्येकजण तुरुंगात आहेत. दस्तरखानावर बसून त्याबद्दल विचारू नकोस. त्यांनी काढलं तर ऐक. आणि कुणाच्या घरातला, चेहरे दिसणारा फोटो गावाच्या नावासकट मोबाइलवरून जगाला दाखवू नकोस. तू पंधरा दिवसांत निघून जाशील, ते तिथंच आहेत. वाखानमधलं जुनं पामीरी घर बघशील तेव्हा मोह होईल : पाच खांब, पैगंबर, अली, फातिमा, हसन आणि हुसेन यांच्या नावांचे, आणि छताला एकात एक वळत गेलेल्या चार चौकटींचा झरोका, पृथ्वी, पाणी, वारा, अग्नी. झरोक्याचा फोटो काढ. खाली बसलेल्यांचा त्यांच्यापुरता ठेव.

राहिली आई. उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र घ्यायचा विचार असेल तर ते भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही. विमानतळावर त्यापायी विदेशी पर्यटकांना ताब्यात घेतल्याच्या घटना झाल्या आहेत. म्हणून इथून नेऊ नकोस. ज्या त्या देशात स्थानिक सिम घे आणि आईला एक कागद लिहून दे, कुठल्या गावात रेंज असते आणि दोन गावांमध्ये किती दिवस लागतात. सारी-ताश, मुरगाब, खोरोग. दोन टोकांमध्ये पाच दिवस आवाज नाही म्हणजे ठीक चाललं आहे, सातव्या दिवशी कुणाला फोन करायचा तो नंबर खाली. माझ्या आईनं तो कागद देव्हाऱ्याशेजारी लावला होता आणि रोज एक दिवस खोडायची.

2019 मध्ये सारी-ताशला मी ज्यांच्याकडे उतरले त्या एजेनं मोबाइलवर आईचा चेहरा बघितला आणि फोन माझ्या हातातून काढूनच घेतला. आई कोल्हापुरी मराठीत बोलत होती, ती किरगिझमध्ये. दोघी एकाच वेळी. चार-पाच मिनिटं चाललं, मध्ये दोघी हसल्या, मग एजेनं माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी तक्रार केली आणि आईनं जोरजोरात मान हलवली. फोन परत माझ्याकडे आला तेव्हा मी विचारलं, काय म्हणत होती गं ती?

"तू नीट जेवत नाहीस म्हणत होती," आई म्हणाली. "मी म्हटलं, लहानपणापासून तशीच आहे."